उलथापालथ बघितलेला माणूस सरकारबद्दल काय लिहितो: राजकीय विचारवंत वाचायची आमची पद्धत, पायरी पायरीनं

थॉमस हॉब्ज म्हणजे निरंकुश सत्ता, जॉन लॉक म्हणजे मर्यादित सरकार, रूसो म्हणजे सामूहिक इच्छा. एवढं पाठ असलं की राज्यशास्त्राच्या पेपरात मार्क पडतात, मलाही पडले. पण सांगलीत गावभागात एका मित्राच्या गच्चीवर आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी वाचायला बसतो, तिथं मिरजेहून येणाऱ्या एका पोरानं विचारलं की दादा, हॉब्ज आणि लॉक दोघंही इंग्लंडचेच, एकाच शतकातले, मग एक म्हणतो सत्तेपुढं मान खाली घाला आणि दुसरा म्हणतो सरकार बिघडलं तर हटवा, असं कसं? मला नीट सांगता येईना. घरी येऊन नोट्स काढल्या तर त्यात "काय म्हणाला" होतं, "का म्हणाला" कुठंच नव्हतं.

त्या एका प्रश्नावर आम्ही जवळजवळ वर्षभर बसलो आणि त्यातनं वाचायची एक पद्धत तयार झाली, ती इथं सगळी लिहून ठेवतोय. बीए-एमएची पोरं, स्पर्धा परीक्षावाले, किंवा नुसतं आवड म्हणून वाचणारे, कुणालाही चालेल. लागतं काय तर एक दोनशे पानी वही, त्या माणसाच्या मूळ पुस्तकाचं हाताला लागेल ते भाषांतर, आणि मराठी विश्वकोश, जो आपल्या वाईत तयार झाला आणि आता नेटवर फुकट वाचता येतो. एका विचारवंताला एक महिना द्या, घाई केली की परत तीन ओळींच्या नोट्सवर येता.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. युद्ध, बंड, राजा मारला जाणं, राज्य बुडणं, असली उलथापालथ विचारवंताला प्रश्न देते, उत्तर त्याचं त्याला शोधावं लागतं. "यादवी बघितली म्हणून हुकूमशाही आवडली" असं सरळ गणित कुणी मांडलं तर तिथं थांबा आणि पुढच्या पायऱ्या लावून बघा.

पायरी १: पान उभं दुमडा

डावीकडं देशात काय चाललंय ते वर्षासकट, उजवीकडं त्या वर्षी आपला माणूस किती वर्षांचा होता आणि कुठं होता. वय लिहायचंच, ते लोक लिहीत नाहीत आणि सगळी मजा तिथंच जाते.

हॉब्जचं पान असं होतं. जन्म ५ एप्रिल १५८८, स्पेनचं प्रचंड आरमार इंग्लंडवर चालून येतंय अशी देशभर धास्ती होती ते वर्ष, आणि म्हातारपणी त्यानं स्वतःच लिहिलं की आईनं जुळी जन्माला घातली, मी आणि भीती. १६४०, राजा आणि पार्लमेंट यांचं फाटलेलं, हा ५२ वर्षांचा, आपण राजाच्या बाजूचे म्हणून आता धरले जाऊ या भीतीनं पॅरिसला पळाला. १६४२ ला यादवी सुरू, वय ५४. ३० जानेवारी १६४९ ला लंडनमधे राजा पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवलं, वय ६०. १६५१ ला त्याचं 'लेव्हायथन' छापून आलं, वय ६३. म्हणजे हे पुस्तक लिहिणारा तरणाबांड सिद्धांतवाला नाही, साठी ओलांडलेला, अकरा वर्षं घरापासून लांब राहिलेला माणूस आहे, आणि त्याच्या देशात शेजारी शेजाऱ्याला मारतोय. सरकार नसेल तर माणसाचं जगणं एकाकी, दरिद्री, ओंगळ, पशूसारखं आणि अल्पायुषी होतं, हे त्याचं वाक्य आता या पानाशेजारी ठेवून वाचा, वेगळंच लागतं.

पायरी २: लिहिलं कधी आणि छापलं कधी, दोन तारखा वेगळ्या काढा

या पायरीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घातला आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुकाही इथंच होतात.

लॉकच्या 'शासनावरील दोन प्रबंध' या पुस्तकावर १६९० असं साल आहे (प्रत्यक्षात १६८९ च्या शेवटालाच बाजारात आलं). १६८८ ला इंग्लंडमधे राजा दुसरा जेम्स पळाला, विल्यम आणि मेरी गादीवर आले, तीच ती वैभवशाली क्रांती. मग सगळे सरळ लिहून मोकळे होतात की क्रांती झाली आणि तिचं समर्थन म्हणून लॉकनं पुस्तक लिहिलं. त्याच्या प्रस्तावनेत विल्यमचं समर्थन आहे पण, त्यामुळं शंका यायचं कारणच नाही. पण पीटर लॅस्लेट नावाच्या अभ्यासकानं १९६० ला दाखवून दिलं की पुस्तकाचा बराचसा भाग क्रांतीच्या आधी, १६७९ ते १६८३ च्या आसपास लिहिलेला आहे. तेव्हा काय चाललं होतं? कॅथलिक असलेल्या जेम्सला गादीवर येऊच द्यायचं नाही म्हणून लॉर्ड शाफ्ट्सबरी पार्लमेंटमधे लढत होता, आणि लॉक त्याच्याच घरचा डॉक्टर, सल्लागार, सगळं काही. तो डाव फसला. १६८३ ला राजाला मारायचा कट उघडकीस आला, धरपकड सुरू झाली आणि लॉक हॉलंडला पळाला. त्याच वर्षी डिसेंबरात राजाच्या विरोधातल्या अल्जरनन सिडनी या पुढाऱ्याला देहदंडाची शिक्षा होऊन त्याचं डोकं उडवलं, आणि खटल्यात देशद्रोहाला दोन साक्षीदार लागत होते तिथं एकच मिळाला म्हणून दुसरा साक्षीदार कोण धरला, तर सिडनीच्या घरात सापडलेलं त्याच्याच हातचं हस्तलिखित!

आता विचार करा, जनतेला राजा हटवायचा हक्क आहे असं लिहिलेले कागद त्याच काळात लॉककडं होते. म्हणजे १६८८ नंतर जिंकलेल्या बाजूला बसून निवांत लिहिलेलं समर्थन वेगळं, आणि सापडलं तर जीव जाईल अशा वेळी लिहिलेलं वेगळं. नंतर छापताना पण त्यानं नाव घातलं नाही, हे पुस्तक माझं आहे हे मृत्युपत्रात कबूल केलं. तारीख आठ-दहा वर्षं मागं सरकली की पुस्तकाचा अर्थच बदलतो तो असा.

एडमंड बर्कचं पण बघा, फ्रेंच क्रांतीवर टीका करणारं त्याचं पुस्तक १७९० चं. पुष्कळ जणांना वाटतं गिलोटिनचा रक्तपात बघून तो हादरला. पण राजाला मारलं जानेवारी १७९३ ला, दहशतीचं राज्य त्याच्याही नंतर. त्यानं लिहिलं तेव्हा ते काहीच झालेलं नव्हतं.

पायरी ३: त्याच्या हातातनं काय गेलं ते लिहा

देशाचं काय गेलं ते पहिल्या पायरीत आलं, इथं फक्त या माणसाचं.

मॅकियाव्हेलीची १४ वर्षांची सरकारी नोकरी गेली. फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकात तो १४९८ पासून सचिव, दूत म्हणून राजेरजवाड्यांकडं जाऊन आलेला, शहराचं स्वतःचं सैन्य उभं करणारा. १५१२ ला मेदिची घराणं परत सत्तेवर आलं, याला काढलं, पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून तुरुंगात टाकून हात मागं बांधून दोरानं टांगलं. सुटल्यावर गावाकडच्या मळ्यात राहिला आणि १० डिसेंबर १५१३ च्या पत्रात मित्राला लिहितो की संध्याकाळी घरी आलो की चिखलाचे कपडे काढतो, दरबारी पोशाख चढवतो आणि जुन्या ग्रंथातल्या थोर माणसांशी चार तास बोलत बसतो. 'प्रिन्स' हे त्याचं गाजलेलं पुस्तक त्या खोलीत लिहिलं गेलं. ते ज्यांनी त्याला टांगलं त्याच घराण्याला अर्पण आहे, कारण त्याला काम परत पाहिजे होतं. पण त्याच माणसानं प्रजासत्ताक कसं टिकवावं यावर त्याहून मोठं पुस्तक लिहिलंय, ते कुणी वाचत नाही. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय त्याच्याबद्दल मत बनवू नका.

प्लेटोचे तर दोन्हीकडून हात पोळले. इसवी सन पूर्व ४०४ ला अथेन्स स्पार्टाकडून हरलं आणि तीस जणांची जुलमी राजवट आली, त्यात त्याच्या आईकडचे नातेवाईक होते, क्रिटियस आणि सख्खा मामा चार्मिडिस. त्यांनी माणसं मारली, लोकांची मालमत्ता लुटली. ती राजवट गेली, लोकशाही परत आली, आणि त्या लोकशाहीच्या न्यायालयानं इसवी सन पूर्व ३९९ ला सॉक्रेटिसला विष पाजलं. म्हणजे मूठभरांचं राज्य बघून झालं, बहुतांचंही बघून झालं. सत्ता कुणाकडं द्यायची तर ज्याला खरंच ज्ञान आहे त्याच्याकडं, हे उत्तर पटो न पटो, प्रश्न कुठनं आला ते आता दिसतं.

हॅना आरेंट या जर्मन ज्यू विचारवंत बाईचा देश गेला. १९३३ ला जर्मनीतून पळाली, १९४० ला फ्रान्समधे छावणीत डांबली गेली, १९५१ ला अमेरिकेचं नागरिकत्व मिळेपर्यंत ती कुठल्याच देशाची नव्हती. माणसाला आधी 'हक्क असण्याचा हक्क' लागतो, हे तिचं म्हणणं त्याच १९५१ च्या पुस्तकातलं.

पायरी ४: पुस्तकातलं सगळ्यात तापलेलं पान शोधा

प्रत्येक पुस्तकात एक जागा अशी असते की लेखकाचा आवाज चढतो. ती सापडली की उलथापालथीचा चटका नेमका कुठं बसला ते कळतं. याचा सराव परदेशी माणसावर करण्यापेक्षा आपल्याकडच्या आज्ञापत्रावर, म्हणजे राज्य कसं चालवावं हे सांगणाऱ्या जुन्या मराठी ग्रंथावर, करा असं मी सांगेन.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५-१६ च्या सुमाराचं. पंत शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानात होते, तिथपासून त्यांनी काय काय बघितलं ते मोजा: १६८९ ला संभाजी महाराजांची हत्या, राजाराम महाराज जिंजीला, मागं महाराष्ट्र सांभाळायला पंत, १७०० ला औरंगजेबानं साताऱ्याचा किल्ला घेतला (आपला अजिंक्यतारा, त्यावेळी सुरुंगाचे स्फोट झाले आणि तटाखाली मोगलांचीच माणसं गाडली गेली), १७०७ ला औरंगजेब मेला आणि लगेच घरातच दोन गाद्या, १७०८ ला साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक, इकडं पन्हाळ्यावर ताराबाई, १७१४ ला तिथंही सत्तापालट. चाळीस वर्षांत इतकं.

आता पुस्तक उघडा. किल्ले, आरमार, सावकार, टोपीकर (म्हणजे युरोपियन व्यापारी), सगळ्यावर प्रकरणं आहेत. आरमारासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडं तोडू नका, त्यांनी ती लेकरासारखी वाढवलीत, हे तर अनेकांना माहीत असतं. पण आवाज चढतो तो वतनदारांवर लिहिताना. हे लोक म्हणजे राज्याचे भाऊबंदच, आहे त्यात समाधान नाही, एकमेकांचं बळकावायचं, आणि परका शत्रू चालून आला की वतनाच्या आशेनं सगळ्यात आधी त्याला जाऊन भेटायचं, असं ते लिहितात. हे पुस्तकी निरीक्षण नाही. औरंगजेब दख्खनमधे लढत होता त्या सगळ्या वर्षांत तो वतनाचं आमिष दाखवून देशमुख फोडत होता, आणि त्यांना आपल्याकडं ठेवायचं म्हणून राजाराम महाराजांच्या कारभाराला पण वतनं वाटावी लागली. वाटणाऱ्यांमधे पंत स्वतः होते! म्हणून त्यांचा सल्ला बारीक आहे, वतनं एकदम काढून घेऊ नका नाहीतर लोक फिरतील, पण मोकळंही सोडू नका, दाबात ठेवा. ज्यानं स्वतः ती तडजोड केली तोच असं लिहू शकतो. माझ्या मते सत्ता कशी फुटते यावर मराठीत एवढं जाणतं लिखाण दुसरं नाही, आणि राजकीय विचारांच्या सिलॅबसमधे ते मॅकियाव्हेलीच्या शेजारी असायला पाहिजे.

पायरी ५: त्याच आगीतला दुसरा माणूस शोधा

ही पायरी सोडलीत तर आधीच्या चारही वाया गेल्या समजा.

२०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी होतं, सगळ्यांच्या घरात सारखंच. पाणी ओसरल्यावर चिखल काढताना एक काका म्हणत होते की सरकार कडक पाहिजे, नदीकाठची बांधकामं एका दिवसात उठवणारं. आणि समोरच्या वहिनी म्हणत होत्या की सरकार यायच्या आधी गल्लीतल्या पोरांनी माणसं काढली, आम्हाला आमचं करू द्या म्हणजे झालं. पाणी एकच, चिखल एकच. दोघांचाही प्रश्न "संकटात कुणावर विसंबायचं" हाच होता.

इंग्लंडच्या यादवीत हेच झालं. हॉब्ज म्हणाला एकाच हातात तलवार द्या. पण १६४७ च्या शेवटाला पटनीच्या चर्चमधे पार्लमेंटच्या सैन्यातले शिपाई आणि अधिकारी वाद घालत होते, तिथं कर्नल रेन्सबरो म्हणाला की इंग्लंडमधल्या सगळ्यात गरीब माणसालाही सगळ्यात मोठ्या माणसाइतकंच आयुष्य जगायचंय, म्हणून ज्या सरकारखाली राहायचं त्याला त्याची संमती पाहिजे. १६४९ ला जेरार्ड विन्स्टन्ली, यादवीत धंदा बुडालेला कापडवाला, गरिबांना घेऊन एका टेकडीवर पडीक जमीन नांगरायला लागला, त्याचं म्हणणं राजा गेला पण जमीनदार राहिला तर काय बदललं. तिघांनी तीच आग बघितली. म्हणून वहीत हॉब्जच्या पानासमोरचं पान या दोघांना द्या.

आणि आपल्याच भागातलं उदाहरण घ्यायचं तर माझ्या दृष्टीनं याहून मोठं नाही. औंध संस्थान, ७२ गावांचं, आजचं औंध साताऱ्यात आणि आटपाडी, कुंडल सांगलीत. १९३८-३९ ला ठिकठिकाणच्या संस्थानांत प्रजा जबाबदार राज्यपद्धती मागत होती, आणि इथं राजे भवानराव पंतप्रतिनिधी, मुलगा अप्पासाहेब आणि पोलंडहून आलेले इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं घटना केली आणि सत्ता खाली गावपंचायतीकडं दिली. गाव हाच पाया. पुढं १९४३ पासून त्याच कुंडल भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, गावातले तंटे गावातच मिटवणारी न्यायमंडळं, तुफान सेना, कमी खर्चातली लग्नं. इंग्रज सत्ता डळमळत असताना इथल्या लोकांनी गावावर भरवसा टाकला.

आता त्याच जिल्ह्यात १९०१ ला या. साताऱ्यात शिकणारा साधारण नऊ वर्षांचा भीमराव, भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघालाय, मसूर स्टेशनवर उतरला. जात कळल्यावर गाडीवाला मिळेना, शेवटी दुप्पट भाडं देऊन पोरांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार असं ठरलं, आणि जेवण बरोबर असून रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला, फाळणीला सव्वा वर्ष झालेलं, संविधान सभेत मसुदा मांडताना ते म्हणाले की गाव म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा, मसुद्यानं गाव बाजूला ठेवून व्यक्तीला एकक मानलं याचा मला आनंद आहे. मसूर आणि औंध यात फार अंतर नाही हो. गाव हाच आधार म्हणणारे आणि गावापासून माणसाला कायद्यानं संरक्षण पाहिजे म्हणणारे, दोघांनी हाच मुलूख बघितला, फक्त ज्याला पाणी सहज मिळतं तो कोण आणि ज्याला मागूनही मिळत नाही तो कोण यानं प्रश्न बदलला. गावाच्या बाजूचं म्हणणं पण विरलं नाही, त्याच नोव्हेंबरात पंचायतींचं कलम घातलं गेलं, आज ते ४० वं.

मात्र मसूर ते १९४८ अशी एकच सरळ रेघ ओढू नका. मधे महाडचं तळं आहे १९२७ चं, पुणे करार आहे १९३२ चा, कोलंबिया आणि लंडनचा अभ्यास आहे. सगळं पानावर घ्या.

पायरी ६: आग लागायच्या आधी तो काय म्हणत होता

हॉब्जनं ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसचं भाषांतर १६२९ ला छापलं, युद्धाच्या तेरा वर्षं आधी, आणि त्यातच लोकशाहीबद्दलचा त्याचा अविश्वास दिसतो. सार्वभौम सत्तेची मांडणी पण १६४० ला हस्तलिखितात फिरत होती. म्हणजे यादवीनं त्याचं मत तयार केलं नाही, आधीच्या मताला धार आणली, आणि एक नवीन गोष्ट भर घातली: जो तुमचं रक्षण करू शकतो त्याचंच तुम्ही देणं लागता, मग तो राजा असो किंवा राजाला मारणारे. राजाच्या बाजूचे लोक त्यामुळं इतके चिडले की पुस्तक आल्यावर तो गुपचूप परत इंग्लंडला आला, पार्लमेंटच्या राज्यात.

लॉकचं उलट. १६६० च्या सुमाराला त्यानं लिहिलेलं वाचलं तर विश्वास बसत नाही, यादवीला कंटाळलेला तिशीच्या आतला माणूस, धर्माच्या बाबतीत राज्यकर्त्यानं हुकूम सोडावा आणि लोकांनी ऐकावं म्हणतोय. वीस वर्षांनी तोच बंडाचा हक्क मांडतो. मधे शाफ्ट्सबरीची संगत आणि पुढचं सगळं. मिरजेच्या त्या पोराला उत्तर इथं मिळालं: हॉब्ज आणि लॉक दोघांनाही सुरुवातीला गोंधळाचीच भीती होती, पण लॉक पुढच्या वीसेक वर्षांत राजाच गोंधळाचं कारण होतो हे बघून आला.

म्हणून वहीत दोन रकाने करा, आधी आणि नंतर, आणि तिसऱ्यात फक्त बदललेलं लिहा. तिसरा रकाना रिकामा राहिला तरी तो शोधच आहे.

पायरी ७: उलटी दिशा तपासा

रूसोचा 'सामाजिक करार' १७६२ चा, पॅरिसमधे बंदी आणि त्याच्या जन्मगावी जिनिव्हात प्रती जाळल्या. फ्रेंच क्रांती १७८९ ची, तोपर्यंत तो मरून अकरा वर्षं झाली होती. इथं पुस्तकानं पुढच्या उलथापालथीला शब्द पुरवले. तेव्हा कुणी "क्रांतीचा रूसोवर परिणाम" असं लिहिलं तर तारखा दाखवा. फार वेळ लागत नाही या पायरीला, पण चूक मोठी टळते.

उत्तर लिहिताना

परीक्षावाल्यांसाठी, पंधरा मार्काच्या उत्तरात ही क्रमवारी आमच्याकडं चालली: पहिल्या दोन-तीन ओळीत प्रसंग आणि त्या वेळी लेखकाचं वय-ठिकाण, मग त्यातनं उभा राहिलेला प्रश्न एका वाक्यात प्रश्नचिन्हासकट, मग त्याचं उत्तर, मग त्याच आगीतल्या दुसऱ्याचं उत्तर, आणि शेवटी आधी-नंतर काय बदललं. चरित्र सांगत बसायचं नाही, जन्मगाव आणि आईवडील यात ओळी घालवू नका, ज्या घटनेमुळं एखादं वाक्य बदललं तेवढीच घटना घ्यायची.

नवीन माणूस घ्यायचा असेल तर इब्न खल्दून घ्या असं सुचवेन. प्लेगमधे आईवडील गेले तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा, मग उत्तर आफ्रिकेत आणि ग्रॅनाडात एका दरबारातून दुसऱ्या दरबारात, मधे फेजमधे तुरुंग, शेवटी १३७५ ला सगळं सोडून आजच्या अल्जीरियातल्या एका गढीत जाऊन बसला आणि १३७७ पर्यंत 'मुकद्दिमा' लिहून काढला. राजघराणं साधारण तीन पिढ्यांत का सडतं, एकजुटीनं मिळवलेलं ऐषारामात का जातं, हा त्याचा प्रश्न. आम्ही परवाच सुरू केलाय. डावा रकाना भरत आलाय, उजव्यात वयं लिहायचं काम मिरजेच्या पोरानं घेतलंय, आणि समोरच्या पानासाठी त्याच प्लेगमधला, त्याच दरबारांतला दुसरा कोण मिळतोय ते अजून शोधतोय.